विजयस्तंभावरचे दोन दगड

टेकडीवरच्या बागेचं उद्घाटन रविवारी होतं, आणि शिक्षकांनी सहकुटुंब हजर राहावं असं परिपत्रक आलं होतं. विहिरी आटल्यात, वर्गात पन्नासातली वीस पोरं येतात, त्याचं परिपत्रक कधी निघालं नाही. बायको माहेरी गेलेली, तेव्हा माझं कुटुंब म्हणजे माझी माय, नागुबाई. तिला मी बोलावलंही नव्हतं. पण आदल्या दिवशीच तिनं पांढरं लुगडं धुऊन वाळत घातलं. पाणी कुठून आणलं कोण जाणे.

"तू कशाला उन्हात चढतीस?" मी विचारलं.

"शेषेरावाच्या तोंडून एक गोष्ट वदवून घ्यायची हाय. तुझ्या बापाचं नाव धुऊन निघाल्याबिगर मी मरणार न्हाई."

लातूर जिल्हा होऊन तेव्हा चार वर्षं झाली होती. नव्या जिल्ह्यात जो तो आपल्या गावाला काहीतरी मिळवायच्या मागे होता. कुणी कचेरी आणली, कुणी बसस्टँड. आमच्या गावचे पुढारी शेषेराव, त्यांना काहीच मिळेना, म्हणून त्यांनी टेकडीवर इतिहास शोधून काढला. तिथं माणसाहून थोडा उंच असा लाल जांभ्याचा खांब उभा आहे. त्याचा त्यांनी विजयस्तंभ केला, भोवती बाग मंजूर करून घेतली आणि बागेच्या समितीचे अध्यक्ष स्वतःच झाले.

त्या खांबाचा इतिहास आमच्या अख्ख्या वस्तीला पाठ आहे. बहात्तरच्या दुष्काळात त्या टेकडीवर रोजगाराचं काम निघालं होतं. वरचा जांभा खणून रस्त्यावर टाकायचा. असं खोदकाम करताना मधे एक खांब न खोदता राखतात. त्याच्या डोक्यावरचं गवत म्हणजे मूळ जमीन. खांबाची उंची मोजली की किती खोल खणलं ते कळतं, आणि त्यावर मजुरी ठरते. काम संपलं की खांब पाडतात. हा तेवढा पाडायचा राहिला, आणि जांभा उन्हावाऱ्यानं आणखी घट्ट होत गेला.

तो राहिला, कारण त्यावर भांडण झालं. आमच्या टोळीच्या खांबावर कुणीतरी दोन चपटे दगड चढवून वर गवताचं ढेकूळ परत बसवलं होतं. म्हणजे खड्डा वीतभर जास्त खोल भरावा. त्या कामावर कारकून कोण, तर हेच शेषेराव. त्यांच्या नजरेतून ते सुटलं नाही. टोळीचा मुकादम माझा बाप, भुजंग. विचारल्याबरोबर "मी ठेवले" म्हणून मोकळा झाला. भर वैशाखात तीस माणसं कामावरून हाकलली आणि आम्ही पार हदगावकडं मजुरीला गेलो. तेव्हापासून गावात मी मापचोराचा पोरगा. चोरी केली याचं मला एवढं वाटलं नाही. पण चोरी करून धड नाही म्हणता येऊ नये, दोन शब्द भांडता येऊ नयेत, असल्या मेंगळट माणसाच्या पोटी आपण जन्मलो, याची मला चीड होती.

रविवारी आम्ही वर गेलो. लॉनला पाणी घालायला टँकर आला होता. आमच्या वस्तीत तो आठ दिवसांत फिरकला नव्हता. टँकरच्या नळातून पाणी ठिबकत होतं आणि चार बाया त्याखाली घागर धरून बसल्या होत्या. त्यांना शिपाई उठवत होता, पाहुण्यांना बरं दिसत नाही म्हणून. खांबाभोवती तारेचं कुंपण, पुढं पाटी. आठशे वर्षांपूर्वीचा विजयस्तंभ. कुणाचा कुणावर विजय ते लिहिलं नव्हतं. वरचे दोन दगड सिमेंटनं पक्के करून घेतले होते.

लातूरहून आलेल्या साहेबांना शेषेराव छडीनं एकेक गोष्ट दाखवत होते. "हे वरचे दोन दगड म्हणजे स्तंभाचं शीर्ष. अशी रचना आपल्या भागात दुसरीकडं नाही." साहेब मान डोलावत होते. मागं आमच्या गावचे व्यंकटी आणि मारोती उभे होते. दोघंही बहात्तरात त्याच कामावर होते, आणि दोघंही मान डोलावत होते. बशीभर चिवड्यासाठी माणसं काय काय मान्य करतात ते मी त्या दिवशी पाहिलं.

माय कुंपणापाशी गेली. "शेषेराव, ते वरचे दोन दगड कुणी ठेवले?"

त्यांनी तिला ओळखलं. छडी खाली आली. खरं सांगावं तर स्तंभ जातो, बाग जाते, अध्यक्षपणही जातं. साहेब त्यांच्याकडंच बघत होते.

"जुन्या कारागिरांनी, बाई. आठशे वर्षं झाली."

"त्याच्यामागून कुणी हात लावला न्हाई?"

"नाही."

"बहात्तर सालात?"

"नाही म्हटलं ना."

"जरा मोठ्यानं बोला. व्यंकटीला ऐकू गेलं न्हाई."

शेषेरावांनी रुमालानं मान पुसली. "बहात्तर साली या दगडांना कुणी हात लावलेला नाही."

"मग भुजंगानं माप वाढवलं म्हणून तुमी सांगितलं, ते खोटं."

"जुनी गोष्ट आहे. झाला असेल गैरसमज."

"असेल न्हाई. खरं का खोटं, तेवढंच सांगा."

"खोटं," शेषेराव म्हणाले. मग साहेबांना घेऊन ते क्रोटनच्या कुंड्या दाखवायला गेले. व्यंकटी आणि मारोतीनं मायकडं बघायचं टाळलं.

उतरताना मी खुशीत होतो. शेषेरावांची छडी, त्यांचा रुमाल, सगळ्याची नक्कल करून दाखवली. मग म्हणालो, "माझ्या बापाला हे जन्मात जमलं नसतं. तो आपला कबूल करून मोकळा."

माय अर्ध्या वाटेत दगडावर टेकली. "त्यानं ठेवलेच न्हवते," ती म्हणाली.

"मग कुणी ठेवले?"

"मी. खाली पक्का कातळ लागला होता. दिवसभर टिकाव मारून बोटभर उतरत न्हवतं. तुझा बाप भाकरी खाऊन लवंडला होता. टोळीतल्या सरजाबाईनं हात दिला, मी चढवले. शेषेरावानं इचारलं तवा तुझ्या बापानं माझ्या तोंडाकडं बघितलं. मी पुढं व्हायच्या आत म्हणला, मी ठेवले. बाईमाणसाचं नाव गावभर नको म्हणून. मरस्तोवर कुणापाशी बोलला न्हाई."

बाप गेला त्याला सहा वर्षं झाली होती. त्याआधीची आठ वर्षं मी त्याच्याशी सरळ बोललो नव्हतो. भाकरी वाढताना मायला ते रोज दिसत होतं.

"मला तरी सांगायचं होतंस," मी म्हणालो.

"कसं सांगू? तू माझ्याशीबी बोलायचा बंद झाला असतास."