टिंबानंतर एकच आकडा

गुरुजींचं नाव घेताना आवाज खाली आणायची आमच्या गावात पद्धत आहे. मी आणत नाही. बंडोपंत गुरुजींनी अर्ध्या वडनेरला गणित शिकवलं, माझ्या बापालाही शिकवलं, आणि त्यांच्याच एका हुकमापायी आमचा बैल बिजल्या मेला आणि झेरॉक्सवाल्या शौनकचा डोळा गेला.

आमच्याकडे दरवर्षी शंकरपट भरतो. बैलजोड्या एकेक करून पळतात. सुरुवातीला आणि शेवटाला लावलेलं यंत्र सेकंद मोजतं, ते आकडे शौनकच्या लॅपटॉपवरच्या शीटमध्ये पडतात आणि मोठ्या पडद्यावर साऱ्या मैदानाला दिसतात. गेल्या वर्षी एका जोडीला ८.४ आले आणि दुसरीला ८.३६. दुसरी जिंकली, तशी बोंब उठली. छत्तीस मोठे की चार मोठे? मग कमी वेळवाला हरला कसा? दगड चालले, दोघांची डोकी फुटली. गुरुजी पट समितीचे अध्यक्ष. माईक हातात होता, चौथीच्या वर्गाला सांगतात तसं सांगितलं असतं तरी भागलं असतं. गुरुजी मंडपाच्या मागून घरी गेले.

यंदा ते शौनकच्या झेरॉक्सच्या दुकानात आले तेव्हा मी तिथेच होते, आधार कार्डाच्या प्रती काढत.

"टिंबानंतर एकच आकडा दिसला पाहिजे," गुरुजी म्हणाले. "सगळ्यांना सारखा. भांडणाचं मूळच नको."

"पण गुरुजी, मंग जवळजवळच्या वेळा बरोबरीत दिसतीन," शौनक म्हणाला.

"दिसू दे. बरोबरी झाली की पुन्हा पळवायचं. पटाचा नियमच आहे."

शौनकनं मान डोलावली आणि सेटिंग कायमचं करून टाकलं. नवी शीट उघडली की टिंबानंतर एकच आकडा. खरा आकडा आत शाबूत राहतो, फक्त दिसत नाही, असं त्यानं मला दाखवलंसुद्धा.

बिजल्याबद्दल सांगायला हवं. त्याला जन्म देऊन गाय मेली. बापानं त्याला बाटलीनं दूध पाजून वाढवलं, थंडीत स्वतःची घोंगडी त्याच्यावर टाकली. आई चिडून म्हणायची, मले तरी कधी पांघरूण घातलं का? बापाला पट जिंकायचा होता तो बिजल्याच्या जिवावर, पण बिजल्याचा जीव त्याला पटाहून प्यारा होता.

शेवटच्या फेरीत आमची जोडी आणि हेमराज शेठची जोडी उरली. हेमराज शेठचं हिंगणघाटात बियाण्यांचं दुकान, बैल विकत घेतलेले, हाकणाराही भाड्याचा. दोन्ही जोड्या पळाल्या. पडद्यावर दोघांच्या नावापुढे ८.४ उमटले.

मी शौनकच्या टेबलाजवळ उभी होते. तो वळून म्हणाला, "गुरुजी, आत पुरा आकडा हाये. उघडून पाहू का?"

"नियम एकदा ठरला म्हणजे ठरला," गुरुजी म्हणाले आणि माईकवर बरोबरी जाहीर केली. बरोबरी झाली तर जू न उतरवता लगेच पळायचं, ही आमच्या पटाची रीत.

बापानं हात जोडले. "बिजल्याच्या तोंडाले फेस आला, गुरुजी. जरा दम घेऊ द्या."

हेमराज शेठची माणसं हसली. "काऊन गा गुलाब, भेला का?"

बापानं जोडी पळवली. शेवटाच्या अलीकडे बिजल्याचा पुढचा पाय मुडपला आणि हाड मोडल्याचा आवाज आला. छकडा उलटला, जोडीचा दुसरा बैल बिजल्याला फरपटत घेऊन गेला, बाप मातीत तोंडावर पडला. उठला तेव्हा त्याचे दात रक्तानं माखले होते. बिजल्या उठायचा प्रयत्न करत होता आणि हाड चामडीबाहेर येत होतं.

घाईत शौनकनं आधीच्या फेरीच्या खान्यावर क्लिक केलं. वरच्या पट्टीत, आणि म्हणून पडद्यावरही, पूर्ण आकडा आला. गुलाब, ८.३६. मग हेमराज, ८.४४.

म्हणजे आम्ही आधीच जिंकलो होतो.

बाप मोडक्या छकड्याचं लाकूड घेऊन आला. पहिला घाव शौनकच्या हातावर, दुसरा तोंडावर. मग जमाव तुटून पडला. आमची माणसं होती, हेमराज शेठचीही होती, ज्यांचं काही बिघडलं नव्हतं तेही होते. लॅपटॉपनं त्याच्या डोक्यात मारलं. खुर्चीच्या पायानं डोळ्यावर मारलं. मी मध्ये घुसले, माझ्या खांद्यावर लाकूड बसलं, तरी ओरडले, "बाबा, त्याले कोणं सांगतलं ते तं पुसा! गुरुजीनं सांगतलं, मी आयकलं!"

बाप थांबला. मंचावर चढला, लाकूड उगारलं. गुरुजी खुर्चीत पांढरेफटक, म्हणाले, "भांडण होऊ नये म्हणून केलं रे, गुलाब."

बापाचा हात हवेत राहिला. मग तो हळूच खाली आला. बाप मंचावरून उतरला आणि पुन्हा शौनकला मारू लागला.

संध्याकाळी गुरांच्या डॉक्टरांनी बिजल्याला मरणाची सुई दिली. बाप त्याच्या मानेत तोंड खुपसून रडला. दुसऱ्या दिवशी ठाण्यात सारं गाव एकच बोललं, गर्दी होती, कोण होतं दिसलं नाही. मी दोन नावं सांगितली, बापाचं आणि गुरुजींचं. हवालदारानं पहिलं लिहिलं. दुसऱ्यावर पेन थांबवून म्हणाला, "गुरुजीनं कुठं कोणाले हात लावला, बाई?"

कोठडीत बापाला डबा द्यायला मी गेले. वाटलं, थुंकेल माझ्यावर. बाप गजाला धरून उभा होता, ओठ फाटलेला.

"माहं नाव सांगतलं, बरं केलं," तो म्हणाला. मग त्याचा आवाज चढला. "गुरुजीचं काऊन घेतलं?"