उलटी फेरी

इतिहास शिक्षकांचा संघ ना नफा तत्त्वावर चालत असे. नफ्याचं सोडाच, सभेत गरम चहा मिळाला तरी सभासद धन्य होत. भांडणांना मात्र तोटा नव्हता. सनावळ्यांवरून, नकाशातल्या एका रेघेवरून, कुठल्या राजाला शहाणा म्हणायचं यावरून माणसं हमरीतुमरीवर येत. म्हणून कुणा जुन्या अध्यक्षांनी एक रीत घालून दिली होती. ठराव महत्त्वाचा असला की मतदानाआधी दोन्ही बाजूंच्या म्होरक्यांनी जागा बदलायच्या आणि समोरच्याचं म्हणणं त्याच्यापेक्षाही चांगलं मांडून दाखवायचं. याला सगळे उलटी फेरी म्हणत. एकदा उलटी फेरी झाली की निम्मी भांडणं आपोआप विरघळत.

त्या वर्षीचा ठराव साधासुधा नव्हता. सरकारनं नववीच्या पुस्तकातून बंदरावरच्या गोळीबाराचा धडा काढून टाकला होता. संपावर बसलेल्या हमालांवर पोलिसांनी गोळ्या झाडल्या, एवढंच त्या धड्यात होतं. त्याच्या जागी आता बंदराच्या प्रगतीचा धडा आला होता, क्रेनच्या रंगीत चित्रासकट. संघानं जाहीर निषेध करावा की गप्प बसावं, यावरून सभेत दोन तट पडले.

निषेधाच्या बाजूनं उभ्या होत्या संघाच्या चिटणीस बाई. त्या मुलींच्या शाळेत शिकवत. आवाज असा खणखणीत की सगळे त्यांना पाठीमागे तोफ म्हणत, आणि बाईंना ते मनातून आवडे. गप्प बसण्याच्या बाजूनं होते तहसर. कुठलंही युद्ध शिकवायला घेतलं की हे गृहस्थ दोन लढाया कशाबशा उरकून तहावर येत, म्हणून मुलांनी ते नाव ठेवलं होतं. मुख्याध्यापकांनी नुसतं 'जरा या' म्हटलं तरी ते मनातल्या मनात माफीनामा लिहायला घेत.

"नोंदणीच्या नियमात साफ लिहिलंय, संघानं राजकारण करायचं नाही," तहसर म्हणाले. "उद्या नोंदणी रद्द झाली की बसा हात चोळत."

"हमाल मेले हे सांगणं राजकारण, आणि ते लपवणं काय? समाजसेवा?" बाई कडाडल्या.

अध्यक्षांनी टेबलावर हात आपटला आणि उलटी फेरी जाहीर केली.

बाईंनी तहसरांची बाजू घेतली आणि जीव ओतून मांडली. यात अंगचोरपणा करणं रीतीला धरून नव्हतं. शिक्षकानं पुस्तकात असेल ते शिकवावं, वर्गात आग लावू नये, मुलांना परीक्षा आहेत आणि आपल्याला संसार, असं त्या म्हणाल्या. मग तहसर उठले. आधी चाचरले, चष्मा पुसला, आणि मग असे बोलले की मागच्या रांगेतली कुजबुज थांबली.

"ज्या सरकारला मेलेल्या हमालांची भीती वाटते, त्याला जिवंत मुलांचीही वाटली पाहिजे. पुस्तकात नसला तरी हा धडा आम्ही शिकवू."

ही वाक्यं बाईंची होती, अक्षरन् अक्षर. सकाळी सभेच्या चहाला त्यांनीच ती ऐकवली होती. ठराव पुढच्या सभेवर ढकलला गेला आणि सगळे हसतखेळत पांगले. खोलीत सगळी घरचीच माणसं, रीत सगळ्यांना ठाऊक. कुणीतरी मोबाइल धरून बसलंय याकडे लक्ष द्यावं, असं भूतकाळात रमणाऱ्या त्या मंडळींच्या डोक्यातही आलं नाही.

दुसऱ्या दिवशी तहसरांचा व्हिडिओ गावभर झाला. अध्यक्षांनी फेरी जाहीर केली तो भाग त्यातून कापलेला होता. मग तहसरांना, आणि चिटणीस म्हणून बाईंनाही, शिक्षण खात्यातून चौकशीचं बोलावणं आलं.

ते दिवस बाईंनी जीव मुठीत धरून काढले. त्या शिक्षकांच्या खोलीत शिरल्या की बोलणं थांबे. संघाच्या ग्रुपमधून माणसं एकेक करून बाहेर पडत होती, आणि उरलेली एकमेकांकडे संशयानं बघत होती. तहसरांना फोन करावा, 'घाबरू नका, ती वाक्यं माझी आहेत असं मी सांगते' म्हणावं, असं बाई रोज ठरवत, आणि रोज काही ना काही काम निघे.

"घर तुझ्या पगारावर चाललंय," नवरा म्हणाला. कारखाना बंद पडल्यापासून तो घरीच होता. "आणि तो माणूस तुझं नाव घेणार, हे धरून चाल. का नाही घेणार? मी असतो तर घेतलं असतं."

बाईंनी ताट बाजूला सारलं.

खात्याच्या कचेरीत दोघं एकाच बाकावर बसले.

"उलट्या फेरीचं सांगून टाकू सरळ," बाई हळूच म्हणाल्या.

"सांगितलं, तर मग ती वाक्यं कुणाची, हा पुढचा प्रश्न येणार. तुम्हाला कळतंय ना?"

बाईंना कळत होतं. म्हणून तर त्या इतक्या हळू बोलल्या होत्या. तेवढ्यात शिपायानं तहसरांना आत नेलं. दार लागलं. आतून काही ऐकू येईना. आता माझं नाव निघालं असेल, आता लिहून घेतलं असेल, असं त्या बंद दाराकडे बघत मनाशी म्हणत राहिल्या. बऱ्याच वेळानं तहसर बाहेर आले ते खाली मान घालून. शिपायानं लगेच बाईंना आत बोलावलं.

"बसा बाई. घाबरू नका," चौकशी अधिकारी म्हणाले, आणि त्या 'घाबरू नका'नंच बाई जास्त घाबरल्या. अधिकारी वयानं त्यांच्याएवढेच, आवाज मऊ. त्यांनी संगणकावर बाईंचंच उलट्या फेरीतलं भाषण लावलं, त्याच मोबाइलवर टिपलेलं. आग लावू नये, परीक्षा आहेत, संसार आहेत.

"असे शिक्षक हवेत," ते म्हणाले. "हे आम्ही सगळ्या शाळांना ऐकवणार आहोत. ते गृहस्थ तर कबूलच झालेत. म्हणतात, वाक्यं माझी, मत माझं. मला एकच विचारायचंय. काही सभासद सांगतात की तुमच्याकडे एकमेकांची बाजू मांडायचा काही प्रकार असतो. त्या दिवशी तसं होतं का?"

म्हणजे त्यांनी नाव घेतलं नव्हतं. बाईंना एकदम हलकं वाटलं, आणि त्या हलकेपणाची त्याच क्षणी किळसही आली. खरं सांगितलं तर तो माणूस सुटत होता आणि त्या बुडत होत्या. अधिकारी पेन उघडून वाट बघत होते.

"नाही," बाई म्हणाल्या. "जो तो आपलंच बोलत होता."

आवाज खणखणीत आला. त्याचीच त्यांना भीती वाटली.

तहसर बाहेर पायऱ्यांवर थांबले होते. त्यांना टाळून जायला वाट नव्हती.

"तुम्ही माझं नाव का घेतलं नाहीत?" बाईंनी विचारलं.

"घेणारच होतो हो. रात्रभर घोकलं होतं. पण त्यांनी तो व्हिडिओ लावला. मी बघितलाच नव्हता, धीर होत नव्हता. आणि बाई, तो बोलणारा माणूस मला आवडला." ते कसंनुसं हसले. "वाटलं, हे दुसऱ्याचं आहे असं कशाला म्हणू? आता नोकरी जाणार. बायकोला अजून सांगायचंय. भीती वाटते, खोटं कशाला बोलू?"

तहसरांनी पुन्हा चष्मा पुसला.

"तुम्हाला काय विचारलं?"

"सभेचंच." बाईंनी कचेरीच्या दाराकडे बघितलं. "मी म्हणाले, जो तो आपलंच बोलत होता."

तहसरांनी मान डोलावली. "मग खरंच सांगितलंत की."

त्यात टोमणा असता तर बाईंनी तो झेलला असता, वर दोन ऐकवलेही असते. पण त्यांनी ते अगदी सरळ मनानं म्हटलं होतं. मग ते कठड्याला धरून सावकाश पायऱ्या उतरू लागले, आणि बाई वरच उभ्या राहिल्या.