किळस आली म्हणून जमलं

मित्रांनो, नाक मुरडलंत तरी चालेल, पण जरा जवळ या. मी एक जुनी लोखंडी कढई आहे. माझ्यात एका वेळी पन्नास पुऱ्या तळल्या जातात. अकोल्याच्या एका लोहाराने मला घण घालून घडवले, आणि तिवस्याच्या नत्थुजींनी मला त्यांच्या बिछायत केंद्रात आणले. लग्नकार्यासाठी मंडप, सतरंज्या आणि मोठी भांडी भाड्याने देणारे ते दुकान. बसस्थानकाच्या अगदी समोर.

सुरुवातीची वर्षे चांगली गेली. नत्थुजींच्या घरच्या आशाबाई मला राखेने आणि नारळाच्या शेंडीने घासत. मग त्यांचे गुडघे गेले आणि माझे नशीबही गेले. लोक मला नेत, तळत आणि तशीच परत आणून टाकत. आतला तेलाचा थर जाड होत गेला. त्यात माश्या चिकटून मेल्या. भटकी कुत्री येऊन मला चाटून जात, आणि दुसऱ्या दिवशी मला फडक्याने नुसते पुसून कोणाच्या तरी साखरपुड्याला पाठवले जाई. मित्रांनो, मला माझीच शिसारी येत असे. पण कढईला ओकता येत नाही.

दोन वर्षांपूर्वीची गोष्ट. दसरा चार दिवसांवर आला होता. त्या दिवसांत धम्मचक्र प्रवर्तन दिनासाठी दीक्षाभूमीला जाणाऱ्या लोकांच्या गाड्या आमच्या गावावरून नागपूरकडे जातात. रस्त्याच्या कडेला गावोगावची मंडळे त्यांना जेवू घालतात. सुगत हा मोबाईल दुरुस्तीचे दुकान चालवणारा तरुण अशाच एका मंडळाचा अध्यक्ष होता. तो मला न्यायला आला आणि त्याने माझा एक कान धरला. त्याच क्षणी दुसरा कान एका बाईने धरला. ती वर्षाली, गावच्या दवाखान्यात अकोल्याहून नव्याने आलेली नर्स. तिलाही वाटसरूंसाठी भाजी करायची होती.

"सिस्टर, ही कढई आमची ठरलेली हाय," सुगत म्हणाला.

वर्षालीने आत बोट फिरवले. बोट काळे आणि चिकट होऊन बाहेर आले. तिचा चेहरा असा झाला, जणू तिने मेलेल्या उंदराला हात लावला होता.

"शी! याच्यात तुमी लोकायले खाऊ घालता?"

"पाच वर्षांपासून घालून राहिलो. कोणी मेलं नाही अजून."

"मेलं नाही मनून चांगलं असते काय?"

"तुमाले दवाखान्यात सारेच बिमार दिसतात, मनून असं वाटते."

"अन् तुमाले आरशात रोज घाण दिसते, मनून आता दिसतच नाही."

नत्थुजींनी मला सुगतच्या हवाली केले. वर्षाली माझ्याकडे आणि त्याच्याकडे सारख्याच नजरेने पाहत निघून गेली. खरे सांगते, मला राग आला नाही. इतक्या वर्षांत माझी किळस येणारे कोणीतरी भेटले, याचेच बरे वाटले.

दसऱ्याच्या आदल्या दिवशी सकाळी रस्त्याच्या कडेला चूल पेटली. मंडळातले वडीलधारे जानराव यांनी तेलाचा डबा दान दिला होता. पुतण्याच्या लग्नात तळून उरलेले तेल, काळसर आणि फेसाळ. तापल्यावर त्याला असा वास सुटला की शेजारच्या झाडावरचे कावळेही उडाले. रस्त्याच्या पलीकडे वर्षालीची भाजी शिजत होती. ती नाकाला पदर लावून तिथूनच ओरडली, "ते तेल खवट झालं हाय!"

"तुमी तुमची भाजी पाहा, सिस्टर!" सुगतने उत्तर दिले.

पहिल्याच गाडीतून भातकुलीचे बुधाजी उतरले. सत्तरी ओलांडलेले, पांढराशुभ्र सदरा, उपाशी पोट. त्यांनी चार पुऱ्या खाल्ल्या, "लय उपकार झाले, बापू," म्हटले, आणि काही वेळातच पोट धरून खाली बसले. सुगत धावला. बुधाजींना जी उलटी झाली, ती सगळी त्याच्या नव्या पांढऱ्या शर्टावर.

वर्षाली रस्ता ओलांडून आली. तिने बुधाजींना सावलीत निजवले, साखर-मिठाचे पाणी थोडे थोडे पाजले. सुगत तसाच भरल्या शर्टाने त्यांचे डोके मांडीवर घेऊन बसला होता. तो एकदाही तोंड फिरवत नव्हता. मी पाहिले, वर्षालीनेही पाहिले.

बुधाजींना जरा बरे वाटले तेव्हा सुगत उठला. त्याने चूल विझवली, आणि तेल निवल्यावर खड्डा खणून सगळे त्यात ओतले.

"अरे, दानाचं तेल मातीत घालतं?" जानराव कडाडले. "इतक्या वर्षांत असं कोणी केलं नाही. असा अध्यक्ष आमाले नाही पाहिजे."

"नका ठेवू, काका," सुगत म्हणाला. "त्या बुढ्या माणसानं माह्यावर भरोसा ठेवून खाल्लं. मी वास घेतला होता, तरी तळलं."

तेवढ्यात फोन आला, वरुडा फाट्यावरून आणखी चार गाड्या निघाल्या होत्या. खायला नुसत्या भाजीशिवाय काही नव्हते. वर्षालीने पदर खोचला.

"खिचडी करू. माह्या इकडं तांदूळ हायेत. पण पयले हिले घासू."

मित्रांनो, त्या दोघांनी मला जे घासले! विटेचा चुरा, चिंच, राख, लोखंडी तारेचा चोथा. दोन डोकी माझ्या आत. वर्षांनुवर्षांचा थर पापुद्र्यांनी निघत होता, त्यात काय काय होते ते सांगत नाही, तुम्ही आज जेवणार नाही. दोघेही तोंड वाकडे करून भांडत होते.

"तिकडं राहिलं."

"दिसते मले."

"दिसते तं घासत काहून नाही?"

मग दोघांची कपाळे एकमेकांवर आपटली. सुगतच्या नाकाला काळे लागले. वर्षाली हसली, आणि हसता हसता तिला उलटीच्या वासाने मळमळले, म्हणून ती पळाली. मला वाटले, याहून घाणेरडी प्रेमकथा तिवस्यात झाली नसेल. पण दुपारी खिचडी शिजली. बुधाजींनीही चार घास खाल्ले आणि पुढच्या गाडीने दीक्षाभूमीला गेले.

त्यानंतर सुगत रोज दवाखान्यात जाऊ लागला. कधी खोकला, कधी नुसताच रस्ता चुकून. आणि हिवाळ्यात वर्षालीची अकोल्याला बदली झाली. बसस्थानकावर तो तिची पेटी घेऊन उभा होता. मी समोर दुकानाबाहेर पालथी पडून ऐकत होते.

"एक काम करा," ती म्हणाली. "मले सिस्टर मनणं बंद करा."

"मंग काय, मॅडम मनू?"

वर्षालीने कपाळाला हात लावला आणि बसमध्ये चढली. असा मठ्ठ माणूस पाहून मला पुन्हा शिसारी आली.

बुद्धपौर्णिमेला त्याने तिला खीरदानासाठी बोलावले. मंडळाची खीर पितळी गंजात, म्हणजे मोठ्या पातेल्यात, शिजत होती, पण तिच्यासाठी याने वेगळी खीर माझ्यात रांधायला घेतली. नत्थुजी म्हणाले, "अरे, लोखंडात दूध काळं पडते." ऐकेल तो सुगत कसला! उकळत्या दुधात त्याने गूळ टाकला. दूध फाटले, खाली लागले, वर राखाडी झाले. जानरावांनी एक घोट घेतला आणि लगेच थुंकला.

वर्षाली अकोल्याहून भर उन्हात आली. तिने वाटी भरून घेतली आणि चमचा तोंडात घातला. तिचे डोळे मिटले.

"कशी झाली?" सुगतने विचारले.

"घाण."

तिने दुसरा चमचा घेतला. मग तिसरा.

"टाकून द्या ना मंग! बिमार पडसान!"

वर्षालीने वाटी चाटूनपुसून खाली ठेवली. "इतकी घाण खीर मी दुसऱ्या कोणाच्या हातची खाल्ली नसती, सुगत."

या वेळी त्याला समजले. त्याचे डोळे भरून आले. ज्या जानरावांनी त्याचे अध्यक्षपद काढले होते, तेच पुढे झाले आणि म्हणाले, "बाई, घरी कोण हाय तुह्या? बोलणी कराले कधी येऊ?"

नाताळच्या सुट्टीत त्यांचे लग्न झाले.

मित्रांनो, घाण दिसली की लोक तोंड फिरवतात, किंवा नाव ठेवून निघून जातात. तुम्ही तसे करू नका. तोंडावर बोला, आणि बोललात तर शेजारी बसून घासूही लागा. भांड्याला वापरून तसेच टाकू नका. आम्हाला ओकता येत नाही हो, आम्ही जे पोटात ठेवतो ते शेवटी तुमच्याच ताटात येते.