आता येऊ नका

केवलराम कापडाच्या दुकानात बारा वर्षं होता. गिऱ्हाईक पायरी उतरू लागलं की त्याच्या तोंडून आपसूक निघायचं, "या बरं परत!" समोरचा हिंदीवाला असला तर "फिर आना जी!" साडी घेतलेली असो वा नसो, हे ऐकल्याशिवाय कोणी दुकानाबाहेर पडत नसे. दुकान बंद पडलं आणि मेव्हण्याच्या ओळखीनं त्याला भिलाईतल्या एका ट्रस्टच्या दवाखान्यात औषधाच्या चिठ्ठ्या फाडून द्यायचं काम मिळालं. खिडकी नवी होती, पण जीभ जुनीच राहिली.

पहिले काही दिवस लोक हसून घेत. मग सेक्टर दोनच्या शीलाबाई एक दिवस खिडकीशी आल्या. आठ दिवसांपूर्वी त्यांनी सासूला खोकल्यासाठी आणलं होतं. आज बाहेर रिक्षात सासू मान टाकून पडली होती.

"तुम्ही म्हटलं होतं ना परत या म्हणून," त्या म्हणाल्या. "आलो आम्ही."

म्हातारी संध्याकाळी गेली. डॉक्टर कमलिनीबाईंनी केवलरामला आत बोलावलं. "हे कपड्याचं दुकान नाही. यापुढे कोणालाही परत या म्हणायचं नाही."

केवलराम रात्रभर तळमळला. माणसाला एक शब्दही न बोलता वाटेला लावायचं, हे त्याच्या हातून होणारं नव्हतं. सकाळी त्यानं नवं काढलं. चिठ्ठी देताना हात जोडून म्हणायचं, "आता इकडे येऊ नका बाप्पा!" लोकांना ते फार आवडलं. बायका तर त्याच्या तोंडात साखर पडो म्हणत. दोन महिन्यांत ते वाक्य दवाखान्याची ओळख होऊन बसलं.

श्रावणात बोरसीहून कवडू आला. बांधकामावर विटा वाहणारा, चाळिशीचा. पिंढरीला कुत्रा चावलेला. तो पिसाळलेला कुत्रा गावात आणखी दोघांच्या अंगावर गेला होता आणि तिसऱ्या दिवशी नाल्याकाठी मरून पडला. बाईंनी चौदा सुया लिहून दिल्या. रोज एक, पोटात. कवडूचं कार्ड केवलरामच्या पेटीत राहायचं, कारण त्याला वाचता येत नव्हतं आणि घरी ते भिजलं असतं.

सहाव्या दिवशी कवडू पोट धरून वाकतच बाहेर आला. बेंबीभोवती गाठी आल्या होत्या. केवलरामला कणव आली. पण त्या दिवशी खिडकीशी रांग मोठी होती. सवयीनं हात जोडले गेले.

"आता येऊ नका बाप्पा!"

कवडू थबकला. "खरंच म्हणता जी?"

"खरंच!" केवलराम हसला आणि पुढची चिठ्ठी फाडू लागला.

नंतर केवलरामला घरच्या कामासाठी गोंदियाकडे जावं लागलं. परतल्यावर पेटी आवरताना कवडूचं कार्ड हाती आलं. सहा खुणा होत्या. त्यापुढे आठ घरं कोरी होती. मधे नऊ दिवस गेले होते.

त्यानं खिडकी तशीच उघडी टाकली आणि सायकल काढली.

बोरसीला घर सापडायला वेळ लागला नाही. कवडूची बायको कौसल्या अंगण सारवत होती. पहिल्या दिवशी ती कवडूसोबत दवाखान्यात आली होती; तिनं केवलरामला ओळखलं आणि तिचा चेहरा खुलला. "तुमीच तं सांगतलं जी, आता येऊ नका म्हणून! आमाले लय आनंद झाला. मी गूळ वाटला सगळ्याईले."

कवडू आतून आला, धडधाकट. "या, बसा. आता कामावर जाऊन राहिलो मी."

"माह्यी चूक झाली, भाऊ," केवलराम म्हणाला. "मी सगळ्याईलेच तसं म्हणतो. सुया संपल्या नाहीत तुमच्या."

कवडूला कळायला वेळ लागला. कळलं तेव्हा त्यानं फक्त एवढंच विचारलं, "मंग कावून म्हटलं?"

केवलरामनं सायकल वळवली आणि त्याला मागे बसवलं.

कमलिनीबाईंनी पहिल्यापासून चौदा सुया सुरू केल्या. केवलराम रोज पहाटे बोरसीला जायचा आणि कवडूला सायकलवर बसवून आणायचा. कोणाशी बोलायचा नाही. रांगेतली माणसं त्याच्या जोडलेल्या हातांची वाट पाहायची, चिठ्ठी मिळाली तरी क्षणभर उभी राहायची आणि मग जायची. चौदावी सुई झाल्यावर त्यानं बाईंना विचारलं, "आता भेव नाही ना?"

बाई साबणानं हात धूत होत्या. "मधले नऊ दिवस गेले, केवलराम. नक्की कसं सांगू? जुन्या जखमेत काही वाटलं, तर लगेच घेऊन या."

आश्विन गेला, दिवाळी झाली. दर रविवारी केवलराम बोरसीला जायचा. कधी मुरमुरे न्यायचा, कधी नुसताच जाऊन बसायचा. कवडू जेवतो कसा, बोलतो कसा, हे पाहायचा. कौसल्याला वाटे, या माणसाला आपल्याविषयी माया आहे.

कार्तिकातल्या एका रविवारी कवडू खाटेवर बसून पिंढरी खाजवत होता.

"दोन दिवसांपासून मुंग्या येऊन राहिल्या इथं," तो म्हणाला. "घाव तं कवाचाच भरला. थंडीनं असंल ना?"

जखमेची जागा कोरडी, पांढरट होती. तिथं काहीच दिसत नव्हतं. केवलरामनं बोटानं दाबून पाहिलं.

"असंल," तो म्हणाला. "चाला, बाईले दाखवून येऊ."

"आज सुट्टी हाय ना जी?"

"घरी असतील त्या. उघडतील."

कवडू कुरकुरला नाही. वाटेत सायकलवर वारा तोंडावर आला की तो मागे दचकायचा आणि गमछा नाकावर ओढायचा. दोनदा त्यानं उतरू का म्हणून विचारलं.

बाईंनी त्याला पाच मिनिटं तपासलं. पेलाभर पाणी समोर धरलं, तो दचकून मागे सरला तसा पेला काढून घेतला. बाहेर व्हरांड्यात येऊन त्यांनी दार लोटलं.

"घरच्यांना बोलावून घ्या," त्या हळूच म्हणाल्या. "आजच. भाऊ असेल तर तोही."

"आणि सुई?"

बाईंनी नकारार्थी मान हलवली.

केवलराम आत गेला. कवडू बाकावर बसला होता. कोणी सांगितलं नव्हतं, तरी त्यानं सदरा वर करून छातीशी धरला होता, पोट उघडं ठेवलं होतं आणि डोळे मिटून तो वाट पाहत होता.