वाकळेचा घास

मित्रांनो, मी एक जुनी वाकळ आहे. तुम्ही मला गोधडी म्हणत असाल, म्हणा बापडे. मी पुरी झाले की अर्धीच राहिले, हे मात्र मला विचारू नका. माझा एक कोपरा अजून उघडा आहे. मी उपाशी आहे की पोटभर जेवलेली, तेही मला धड सांगता येत नाही. जन्मापासूनच हा गोंधळ आहे, त्याला माझा काय इलाज?

स्वातंत्र्याच्या दहा-बारा वर्षं आधीची गोष्ट. बेळगावच्या वडगावात घरोघरी हातमाग चालत. आमच्या घरी मारुतीराव मागावर बसायचे आणि त्यांची बायको जयाबाई त्याला लागणाऱ्या सुताच्या कांड्या भरायची. मारुतीरावांची आई अंबुबाई हिला मात्र सगळ्याचा विसर पडत चालला होता. जेवलेलं आठवायचं नाही, सून ओळखू यायची नाही. सुनेलाच ती आपली थोरली बहीण समजायची आणि म्हणायची, "आक्का, सांबऱ्याला जायाचं गं. आई वाट बघत आसंल." सांबरा हे तिचं माहेर. आई जाऊन तर एक जमाना झाला होता!

एके दिवशी म्हातारी खरंच निघाली. सारी गल्ली तिला शोधून शोधून दमली. तिन्हीसांजेला ती सापडली रस्त्याकडेच्या एका विहिरीवर, आत पाय सोडून बसलेली. मारुतीरावांच्या तोंडचं पाणी पळालं. घरी येताच ते म्हणाले, "मागल्या खोलीत घालून कुलूप लावतो. दुसरा मार्ग न्हाय."

"कुलूप नगा लावू," जयाबाई म्हणाली. "सुई देऊन बघूया. आत्तींच्या हाताला शिवायची तेवढी सवय अजून हाय." सासूला ती आत्ती म्हणायची.

अशी मी जन्माला आले. मारुतीरावांचं जुनं मुंडासं, जयाबाईचं विरलेलं इरकली लुगडं, खणाचे तुकडे, जे हाती लागलं ते माझ्या अंगात गेलं. आणि काय सांगू मित्रांनो, एरवी थरथरणारा म्हातारीचा हात सुई धरली की शांत व्हायचा. सुई खाली, सुई वर, एकामागून एक टाका. तिचा श्वास संथ व्हायचा. मग ती जात्यावरची कसलीशी ओवी गुणगुणायची. सांबऱ्याचं नावसुद्धा निघायचं नाही. तिच्या मांडीवर पडून मलाही झोप यायची. इतकं सुख मला पुन्हा कुणी दिलं नाही.

आमच्या घरात एक रीत होती. वाकळ उपाशी पांघरायची नाही. शेवटचा कोपरा शिवण्याआधी आत भाकरीचा घास ठेवायचा, म्हणजे पांघरणारं माणूस कधी उपाशी निजत नाही. मी त्या घासाकडे डोळे लावून बसले होते. अखेर तो दिवस आला. अंबुबाईने घास ठेवला, कोपरा शिवला, माझ्यावरून हात फिरवला. मी धन्य झाले!

दुसऱ्या दिवशी शिवायला काहीच नव्हतं, आणि म्हातारी पुन्हा निघाली. या वेळी वेशीपाशीच सापडली, पण मारुतीराव पेठेत जाऊन कुलूप घेऊनच आले. "आता काय बी सांगू नगंस," म्हणाले.

जयाबाईने मला ओढलं आणि दातांनी दोरा तोडून माझा कोपरा उसवला. घास काढून कोंबड्यांना टाकला. मी तर हबकलेच. अगं बाई, मी तुझं काय घोडं मारलं होतं?

म्हातारी पुन्हा शिवत बसली, कुलूप खुंटीवर लटकत राहिलं, आणि तेव्हापासून रोज तेच सुरू झालं. सकाळी म्हातारी न्हाणीत गेली की जयाबाई उसवायची. दुपारी म्हातारी शिवायची आणि आजच वाकळ पुरी झाली अशा आनंदाने घास ठेवायची. कधी जयाबाईच्या हाताला तो लागायचा नाही, मग मुंग्यांची रांग लागायची. मला कळेना, ही मला जेवू घालते आणि ती तोंडचं काढून घेते, यातलं माझं माणूस कोण? खरं सांगते, मी जयाबाईला मनातल्या मनात लाखोली वाहिली.

शेजारच्या राजाबाईने एकदा तिला पकडलंच. "शिवल्यालं उसवतीस? सासूसंगं तुझंबी डोस्कं फिरलं व्हय गं?"

"नव्या वाकळंला चिंध्या कुठनं आणू?" जयाबाई म्हणाली. "ही पुरी झाली की आत्ती निघाल्या, आन् दाराला कुलूप लागलं. त्यापरीस मला खुळी म्हणा."

ते ऐकलं आणि मी आणखीच गोंधळले. आता रागवायचं तरी कुणावर?

मग तो दिवस आला. लुगडी बाजाराला द्यायची होती. जयाबाई सकाळपासून कांड्या भरत होती, पाण्याचा घोटही घेतला नव्हता. दुपारी म्हातारीने भाकरीचा घास मोडला. मी वाट बघत होते. हात कोपऱ्यापाशी आला आणि थांबला. म्हातारी सुनेकडे टक लावून बघत राहिली.

"जया," ती म्हणाली, "त्वांड किती सुकलंय गं तुझं! सकाळधरनं जेवली न्हायस तू?"

माझा घास तिने जयाबाईच्या तोंडात घातला. किती दिवसांनी तिच्या तोंडून सुनेचं नाव निघालं होतं! जयाबाईला रडावं की चावावं, कळेना. आतला माग थांबला. मारुतीराव दारात येऊन उभे राहिले. त्यांनी खुंटीवरचं कुलूप काढलं आणि घरामागच्या परड्यातल्या आडात टाकून दिलं.

दुसऱ्या दिवशी म्हातारी पुन्हा "आक्का, सांबऱ्याला जायाचं" म्हणू लागली. चमत्कार काही झाला नाही. जयाबाई उसवत राहिली, म्हातारी शिवत राहिली, शेवटच्या दुपारपर्यंत. ती गेली तेव्हा कोपरा उसवलेलाच होता. जयाबाईने तो तसाच ठेवला आणि जन्मभर मला पांघरलं.

मित्रांनो, मला अधूनमधून ऊन दाखवा, मुंग्या झटका; पण तो कोपरा शिवू नका. तुमच्या घरात कुणी रोज तेच तेच विचारत असेल, तर कुलूप शोधू नका. त्याच्या हाताला जमेल असं काहीतरी द्या. आणि जी बाई हे सगळं रोज निस्तरते ना, ती सकाळपासून जेवली आहे का, तेवढं एकदा तिला विचारा.