पायरीपाशी दिवा

भागूबाईने तळघराचे दार ढकलले, आणि त्याच्या खुर्चीमागे उभ्या असलेल्या सगळ्यांनी श्वास रोखून धरला.

दार पडद्यावरचे होते, तळघरही पडद्यावरचेच. आणि भागूबाई म्हणजे हिशेब विभागातला एक सहाफुटी, झुपकेदार मिशांचा गृहस्थ. पण पाल दिसली की हा टेबलावर चढायचा, म्हणून त्याचे नाव भागूबाई पडले ते पडलेच. व्हिडिओ गेम बनवणाऱ्या त्या कचेरीत त्याच्या भित्रेपणाला मोठा मान होता. भीतीचा खेळ तयार झाला की पहिल्यांदा खेळायचा तो भागूबाईने, हा तिथला रिवाज. तो किंचाळला तर जागा पास. एकदा त्याने घाबरून हातातला कंट्रोलर भिंतीवर भिरकावला होता, आणि भिंतीला पडलेल्या खळग्याभोवती कुणीतरी पेन्सिलीने चौकट आखून ठेवली होती.

पडद्यावर तो सावकाश जिना उतरला. खालच्या कोपऱ्यात, पिंपांच्या मागे, काहीतरी उभे होते. ते त्याला अगदी जवळ जाईपर्यंत दिसायला नको होते.

"हा बघा, इथे उभाय," भागूबाई म्हणाला. पिंपांना वळसा घालून त्याने किल्ली उचलली, आला तसा वर गेला आणि मान वळवून प्रसन्नपणे सगळ्यांकडे पाहिले. "छान आहे की! कसं स्वच्छ दिसतं सगळं."

एकच हशा उठला. "भागूबाईचा वाघ झाला," कुणीतरी म्हणाले. अमावस्या तेवढी हसली नाही.

तळघरातला उजेड-अंधार तिने पेरलेला होता. अमावस्या हे तिचे कचेरीतले नाव, आणि त्याचा तिला अभिमान होता. दिवा कुठे ठेवायचा हे कुणालाही कळते, कुठे ठेवायचा नाही हे फक्त अमावस्येला कळते, असे कप्तान नव्या लोकांना सांगायचा. कप्तान म्हणजे त्यांच्या चमूचा प्रमुख. आज मात्र त्याने कपाळ चोळले.

"पुन्हा तेच झालं. मागच्या वेळीही सांगितलं होतं तुला. उजेड कमी कर."

"अजून कमी?" ती म्हणाली. "डोळ्यांत बोट घातलं तरी दिसणार नाही असा अंधार आहे तो."

"कुणाला?" सुताराने विचारले.

त्याने सहज विचारले होते. तिने पुन्हा पडद्याकडे पाहिले.

"माझा पडदा बिघडला असेल," ती म्हणाली.

"नवाच तर दिलाय ना?" असे म्हणून कप्तान निघून गेला, आणि मागोमाग बाकीचेही पांगले. सुतार तेवढा राहिला. खेळातल्या भिंती, जिने, पिंपे तो घडवायचा, म्हणून तो सुतार. खऱ्या आयुष्यात त्याला साधा खिळा ठोकता येत नसे. त्याने खुर्ची ओढून घेतली.

"एक विचारू? प्रत्येक पायरीपाशी दिवा का ठेवलायस?"

"पायरी दिसायला नको?"

"कशाला?"

"कशाला म्हणजे? माणूस धडपडेल ना."

सुतार हसायला लागला आणि मध्येच थांबला.

"अगं, कोण धडपडेल? आपल्या खेळाडूला पाय कुठे आहेत? हवेत तरंगणारा एक डोळा आहे तो. पायरीवरून पडायची सोयच नाही त्याला. मी इथे लागलो तेव्हा तूच शिकवलं होतंस मला हे." त्याने पडद्याकडे बोट केले. "आणि भिंतीला धरून चालायला हा दोर? हा काही मी बांधला नव्हता."

"शोभेसाठी आहे," ती म्हणाली.

"बरं," सुतार म्हणाला. पुढे त्याने काही विचारले नाही. त्याने विचारले असते तर बरे झाले असते, असे तिला नंतर वाटले.

ती घाबरली होती. आज नाही, गेले कित्येक महिने. फक्त भीतीला आपण नाव दिले नाही तर ती आपली होत नाही, अशी तिची समजूत होती.

तिचे बाबा बस चालवायचे. चाळिशीच्या अलीकडेच एका संध्याकाळी त्यांनी प्रवाशांनी भरलेली बस रस्त्याच्या कडेला घेतली, इंजिन बंद केले आणि ते नुसते बसून राहिले. लोक ओरडले, शिव्या देऊन झाल्या, पण ते हलले नाहीत. पुन्हा त्यांनी कधी चाकाला हात लावला नाही. आधी संध्याकाळ जाते, मग नजरेच्या कडा जातात, असे डॉक्टर म्हणाले होते. हे रक्तातून येते, कुणात उतरेल ते सांगता येत नाही, असेही म्हणाले होते. पुढे दिवेलागणीनंतर बाबा घरात भिंतीला हात लावून चालू लागले, आणि त्या भिंतीवर त्यांच्या हाताच्या उंचीवर एक मळकट पट्टा उमटला. आई तो दर वर्षी रंगवायची. तो दर वर्षी पुन्हा उमटायचा.

दुपारी जेवायच्या सुट्टीत ती बैठकीच्या खोलीत शिरली, पडदे ओढले, दिवा घालवला आणि जुना बोगदा उघडला. तिच्या पहिल्या खेळातला हा बोगदा. यानेच तिला नाव मिळवून दिले होते. यातला प्रत्येक दगड तिला पाठ असायला हवा होता.

पडदा काळा होता. खेळ सुरूच झाला नाही असे वाटून तिने पुन्हा सुरू केला. मग पाण्याचे टपटपणे ऐकू आले, तेव्हा तिला कळले की ती बोगद्यातच उभी आहे.

ती पुढे गेली आणि आदळली. उजवीकडे वळून पाहिले, पुन्हा आदळली. इथे एक कंदील ठेवला होता, मंद, पण ठेवला होता हे नक्की. तो कुठे गेला? तिने स्वतः बसवलेले दार तिला सापडेना. तिने घडवलेल्या अंधारात तिला घाबरवणारे कुणी दिसत नव्हते, तो अंधारच पुरेसा होता. शेवटी तिने खेळाडूला डाव्या भिंतीला चिकटवले आणि भिंत घासत घासत नेऊ लागली. आपण काय करतो आहोत हे लक्षात आले तेव्हा तिने हात मागे घेतला.

"अगं आई गं!"

किंकाळी मागून आली. विसरलेला डबा न्यायला आलेला भागूबाई दारात उभा होता आणि त्याने दाराची चौकट घट्ट धरली होती.

"काय झालं?" तिने विचारले.

"काय झालं काय? तो बघ की! समोर उभाय तुझ्या, तोंडाला तोंड लावून!" भागूबाईचा आवाज चिरका झाला होता. "आणि तू आपली ढिम्म बसलीयस. धन्य आहे बाई तुझी. तुला दिसत नाही का तो?"

पडदा तिच्यापुरता काळाच होता.

"दिसतो की," ती म्हणाली. "मीच केलाय, मला कसली भीती?"

भागूबाई छातीवर हात ठेवून, डबा न घेताच निघून गेला. तिने खेळ बंद केला आणि डोळ्यांच्या डॉक्टरांचा नंबर शोधून दुसऱ्या दिवशीची वेळ घेतली. फोनवरच्या बाईने विचारले, "काय त्रास होतो?" तर तिला म्हणता आले ते एवढेच, "अंधारात कमी दिसतं." सगळ्यांनाच अंधारात कमी दिसते. ती बाई हसल्यासारखी वाटली. तेवढ्यात बाईने पुढे विचारले, "तुमच्या नात्यात कुणाला असं आहे? मुलंबाळं?" तेव्हा तिने घाईने फोन ठेवला.

बोगद्यापर्यंत तिची भीती स्वतःच्या डोळ्यांची होती. आता ती चिंगीच्या डोळ्यांची झाली.

चिंगी तिची लेक, दुसरीतली. संध्याकाळी पोहण्याच्या वर्गाबाहेर ती ओल्या केसांनी, पिशवी पाठीला लावून उभी होती. गाडी घरीच होती. हल्ली गाडी घरीच असायची. रस्त्यावर फार गर्दी असते, चालणे तब्येतीला चांगले, असे ती परगावी असलेल्या नवऱ्याला फोनवर सांगायची.

"चल आई, वाटाड्या-वाटाड्या खेळू," असे म्हणत चिंगीने तिचा हात धरला. हा त्यांचा रोजचा खेळ होता. चिंगी अर्धे पाऊल पुढे असायची आणि वाटेतले सगळे मोठ्याने सांगायची.

"पायरी. सायकल. खड्डा, मोठ्ठा! आता कुत्रा झोपलाय, इकडून ये."

दिवे लागायचे होते, आभाळ राखाडी झाले होते, आणि पायांखालचा रस्ता कुठल्या कुठे गेला होता. तिने लेकीचा हात जरा घट्ट धरला. हा खेळ आपल्या कल्पनाशक्तीचा वारसा आहे असे ती कौतुकाने सगळ्यांना सांगायची. तो कधीपासून सुरू झाला ते मात्र तिने आज पहिल्यांदाच आठवून पाहिले. शाळेच्या फाटकापाशी तिचा स्वतःचा पाय मुरगळला होता, त्यानंतर.

"आजोबांसारखं धरून धरून चालतेस तू," चिंगी म्हणाली.

"तुला काय माहीत आजोबा कसे चालायचे?"

"तूच सांगितलंस की, भिंत मळायची म्हणून."

घरी आल्यावर तिने स्वयंपाकाला हात लावला नाही. उद्या डॉक्टर चिंगीलाही तपासतील हे तिला कळत होते, पण उद्यापर्यंत धीर धरणे तिच्याच्याने होणार नव्हते. तिने झोपायच्या खोलीतले जाड पडदे ओढून घेतले आणि दार लोटले. फळीवरून चिंगीचा प्लास्टिकचा घोडा घेतला. अंगठ्याएवढा, पांढरा.

"नवीन खेळ," ती म्हणाली. "मी दिवा घालवून घोडा लपवणार. तू थोडं थांबून शोधायचा. हाताने चाचपडायचं नाही, डोळ्यांनी शोधायचा."

"सोप्पं आहे," चिंगी म्हणाली.

दिवा गेला. तिच्यापुरती खोली नाहीशी झाली. पलंगाच्या कडेला हात लावत ती गेली, घोडा कुठेतरी जमिनीवर ठेवला आणि भिंतीला पाठ टेकून उभी राहिली. मनातल्या मनात ती कुणाची तरी विनवणी करत होती. माझे सगळे घे, काम घे, नाव घे, पण हिला असू दे.

"शोधू?" चिंगीने विचारले.

"थांब जरा." तिचा स्वतःचाच आवाज तिला ओळखू आला नाही. "हं. शोध."

अनवाणी पावले वाजली. ती थांबली. पुन्हा वाजली आणि पुन्हा थांबली. मग काहीच वाजेना. तिने डोळे गच्च मिटून घेतले, जणू तिच्या मिटण्या-उघडण्याने काही फरक पडणार होता.

"हा काय, खुर्चीखाली!" चिंगी ओरडली. "आणि तू डोळे मिटून का उभी आहेस?"

ती भिंतीवरून घसरत खाली बसली. हुंदका येत होता, तो तिने खोकल्यात घालवला. हिला दिसते आहे. एवढ्या अंधारात माझे मिटलेले डोळे हिला दिसतात.

"आता तुझी पाळी," चिंगी म्हणाली. "मी लपवला. शोध."

"राहू दे गं, जेवायचंय."

"असं नाही. तुझी पाळी आहे."

तेव्हा ती गुडघ्यांवर झाली आणि डोळ्यांनी शोधायचा नियम मोडून जमीन चाचपू लागली. पलंगाचा पाय लागला, मग चटईची कड, मग नुसती थंडगार फरशी. तिने हात डावीकडे फिरवला, तिथे काही नव्हते. उजवीकडे फिरवला, तिथेही नव्हते. हे पोरीला दिसते आहे, असे मनात आले आणि तिने घाईने पुन्हा सगळीकडे हात फिरवला.

जवळच कपड्यांची सळसळ झाली. फरशीवर काहीतरी हळूच, अगदी हळूच टेकले.

तिने हात पुन्हा डावीकडे नेला. मघाशी जिथे काहीच नव्हते, तिथे आता घोडा होता. तिने तो मुठीत धरला. फरशी थंड होती आणि घोडा कोमट.

"सापडला," ती म्हणाली.

"बघ! दिसतं की तुला," चिंगीचा आवाज आला, अगदी जवळून.