दोन टिपके आन् एक रेघ

म्हाळूचं तोंड म्हंजी चालू इंजिन. बैलाला शिवी, उंबऱ्याला शिवी, पावण्याला तर चहाच्या आधी शिवी. पण सकाळी नातीला पुढ्यात घेऊन बसला, की अख्ख्या तळेगाव ढमढेऱ्यात तेवढा गरीब माणूस न्हाई. साखरीची आय ती रांगत व्हती तवाच गेली, बाप संपत ट्रकवर. म्हून दोन वेण्या घालायचं काम आबाकडं. दावं वळणारा हात. वेणी अशी पडायची का सांजपतूर केस हलायचा न्हाई. कानावर बिडी मातुर तवाबी खोवलेली.

त्या बिडीनंच घात केला.

दुष्काळ सरला त्याच्या फुडच्या वर्साची गोष्ट. खुटबावची विहीण भागुबाई नातीला भेटाया आली. पोरीची मान बघितली आन् मटकन खाली बसली. मानंवर दोन गोल फोड, खाली लांबट चट्टा. म्हाळूला वाटलं व्हतं किडा चावला. त्यानं तेल लावलं व्हतं. भागुबाई म्हणली, "दोनदा बिडी टेकवली, तिसऱ्यांदा वढली. माझ्या मेलेल्या लेकीची पोर हाय ती, व्याही."

पोलीस पाटील हौशीराम आला, दारात माणसं जमली. म्हाळूनं सांगितलं, रोज मान माझ्याच हाताखाली असती, सोमवारी चांगली व्हती, गुरवारी फोड आलं. तर कोण म्हणलं, मग तुझ्याच हाताखाली आलं की. साखरी म्हणली, आबानं न्हाई केलं. तर म्हणले, पोर भ्यालीया. जल्मभर म्हाळूच्या शिव्या खाल्लेली माणसं, त्याच्या बाजूनं बोलणार कोण? पाटलानं ठरवलं, संपत येस्तवर पोर आजीकडं राहूंदे. संपत येणार कवा, आन् खुटबावला गेलेली पोर माघारी येणार कवा? म्हाळू शिवी द्यायचंबी इसरला.

पोर निघताना म्हणला, तेवढी वेणी घालू द्या. तवर भागुबाईनं दोरीवरचा फ्राक आणला. तिनंच दिलेला. तिचा पोरगा जालिंदर दौंडला रेल्वेत. त्याच्या क्वार्टरपाशी परीट, त्याच्याकडनं खळ घालून, इस्त्री करून त्याच सोमवारी धाडला व्हता. साखरीनं तीन दिस अंगावरनं काढला न्हाई.

आजीनं फ्राक घातला, मागं गळपट्टी उलटी राहिली. म्हाळू ती नीट कराया गेला आन् हात थांबला. पट्टीच्या आतनं परटाची काळी खूण. दोन टिपके, खाली रेघ. त्यानं पट्टी हळूच मानंवर सोडली. टिपक्याखाली फोड, टिपक्याखाली फोड, रेघंखाली चट्टा.

"पाटील," आवाज कधी नव्हं इतका बारीक, "हिकडं या. बिब्बा उतलाय."

हौशीरामानं पट्टी दोनदा वर केली, दोनदा खाली. कपडा वळखाया परीट बिब्ब्याचा रस लावत्यात, आन् कवळं कातडं त्यानं भाजल्यागत व्हतं, हे शेंबड्या पोराला ठावं. पण बिडी दिसल्यावर बिब्बा कुणाला आठवतोय? माणसं एकेक करून शेताची कामं आठवत निघाली.

भागुबाई उठली. पिशवीतले पोरीचे कपडे परत खुंटीला टांगले, बिब्ब्यावर उतारा म्हून तीळ घेतले आन् मानंला लावाया पाट्यावर वाटाया बसली.

चार दिस राहिली. दुसऱ्या दिशी सकाळी तिनं फणी घेतली, तर साखरी सरकत सरकत आबाच्या पुढ्यात. भागुबाई बघत बसली. मग म्हणली, "व्याही, जरा ढिली घाला. पोरीचं डोळं ताणत्यात."

म्हाळूनं विहिणीला ती आल्यापास्नं पहिल्यांदाच एक सणसणीत शिवी हासडली, आन् वेणी सोडून जरा ढिली घातली. भागुबाई पदरात हसली.